तावदानांवर आदळणारे पक्षी : कारणे आणि उपाय

इमारतीच्या तावदानावर पक्षी येऊन आदळणे ही घटना इतकी किरकोळ समजली जाते की तिची नोंद करण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. धप्प असा आवाज होतो. काचेवर पिसांच्या भुकटीचा एक धूसर ठसा उमटतो. आणि खाली पडलेला पक्षी मांजर किंवा कावळा थोड्याच वेळात उचलून नेतो. पुरावा असा तासा-दोन तासांत नाहीसा होत असल्याने या अपघातांचे प्रमाण अल्पच असले पाहिजे, असा समज दीर्घकाळ प्रचलित राहिला. तो किती चुकीचा होता, हे गेल्या पन्नास वर्षांत उत्तर अमेरिकेत जी मोजणी झाली तिच्यावरून दिसून येते.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास डॅनिएल क्लेम यांनी १९७४ साली सुरू केला. १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अनुमानानुसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी सुमारे दहा कोटी ते शंभर कोटी पक्षी काचांवर आदळून मरत असावेत. प्रत्येक इमारतीमागे वर्षाला एक ते दहा पक्षी दगावतात, असे गृहीत धरून हा हिशेब केलेला होता. साहजिकच अनेकांना तो अतिरंजित वाटला. २०१४ साली स्कॉट लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध असलेल्या सर्व नोंदी एकत्र करून अधिक कसोशीने गणित मांडले, तेव्हा उत्तर आले साडेछत्तीस कोटी ते सुमारे नव्व्याण्णव कोटी. मध्यांक सुमारे साठ कोटी. म्हणजे क्लेम यांचे ढोबळ अनुमान फारसे चुकलेले नव्हते. कॅनडासाठी २०१३ साली केलेले असेच अनुमान दीड कोटीच्या वर ते चार कोटींच्या आसपास, असे आहे.

या आकड्यांपेक्षाही त्यांची वाटणी अधिक उद्बोधक आहे. काचेच्या इमारती म्हटल्या की गगनचुंबी मनोरे डोळ्यांसमोर येतात. परंतु २०१४ च्या त्या हिशेबात एकूण मृत्यूंपैकी एक टक्क्याहूनही कमी वाटा अशा उंच मनोऱ्यांचा आहे. सुमारे छप्पन टक्के मृत्यू चार ते अकरा मजली इमारतींवर, आणि उरलेले चव्वेचाळीस टक्के एक ते तीन मजली घरांवर होतात. मनोरा एकेकटा घेतला तर तो अधिक घातक ठरतो हे खरे, परंतु मनोरे थोडे आहेत आणि मध्यम उंचीच्या इमारती असंख्य. महाविद्यालये, रुग्णालये, कार्यालये, ग्रंथालये, प्रयोगशाळा या सर्व या मधल्या वर्गात मोडतात. झाडांच्या उंचीच्या पट्ट्यातच त्यांच्या खिडक्या येतात, आणि पक्ष्यांचा बहुतेक वावर त्याच पट्ट्यात असतो. झाडीने वेढलेला विद्यापीठाचा परिसर आणि त्यात नव्याने उभी राहिलेली काचेची इमारत हा संयोग या दृष्टीने विशेष धोक्याचा म्हटला पाहिजे.

काच आणि पक्षी यांचे वैर काही नवे नव्हे. थॉमस नटॉल यांनी १८३२ साली प्रसिद्ध केलेल्या पक्षिशास्त्रविषयक ग्रंथात, भक्ष्याचा पाठलाग करणारा एक ससाणा वनस्पतिगृहाची काच फोडून आत घुसल्याची नोंद आहे. परंतु त्या काळी काच महाग होती, तुकडे लहान होते, आणि लाकडी चौकटींनी तावदानाचे अनेक भाग पडलेले असत. १९५९ साली पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची पद्धत जाहीर केली आणि चित्र पालटले. मोठी, निर्दोष, आरशासारखी गुळगुळीत काच स्वस्त झाली. वातानुकूलनामुळे खिडकी उघडण्याची गरज उरली नाही. आणि भिंतीच्या जागी काच आली.

पक्ष्याला काच का दिसत नाही, असा प्रश्न विचारला जातो. वास्तविक ती माणसालाही दिसत नाही. माणूस चौकट पाहतो, कडी पाहतो, पायरी पाहतो आणि येथे काच असली पाहिजे असे अनुमान काढतो. अनुमान चुकले की त्याचेही कपाळ आपटते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नव्या तावदानांवर चुन्याची मोठी फुली मारून ठेवण्याचा जो रिवाज आहे, तो याच कारणासाठी. पक्ष्याला हे अनुमान करण्यासाठी लागणारा कोणताही पूर्वानुभव नसतो. निसर्गात पारदर्शक, टणक आणि उभा असा पदार्थ त्याला कधी भेटत नाही. ज्या पोकळीतून पलीकडची हिरवळ दिसते ती मोकळी असते, असाच त्याच्या असंख्य पिढ्यांचा अनुभव आहे. शिवाय बहुतेक लहान पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस बसविलेले असतात. त्यांचे दृष्टिक्षेत्र विस्तृत असते. परंतु दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसणारा समोरचा भाग अरुंद असतो, आणि सर्वांत सूक्ष्म दृष्टी पुष्कळदा समोर नसून बाजूला रोखलेली असते. शत्रू कोठून येतो आणि अन्न कोठे आहे हे पाहण्यासाठी ही रचना उत्तम होय. मोकळ्या हवेत समोर भिंत उभी असेल, ही शक्यता तिने हिशेबात घेतलेली नाही.

काच पक्ष्याला दोन प्रकारे फसविते. एक पारदर्शकतेने : कोपऱ्यावरील दोन तावदाने, दोन इमारतींना जोडणारा काचेचा पूल, आरपार दिसणारी मार्गिका यांच्या पलीकडील झाड त्याला सरळ गाठता येईल असे वाटते. दुसरा प्रकार परावर्तनाचा, आणि प्रत्यक्षात तो अधिक व्यापक आहे. साध्या स्वच्छ काचेच्या एका पृष्ठावरून लंबदिशेने पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे चार टक्के भाग परत फिरतो. दोन पृष्ठे मिळून आठ टक्के. हे प्रमाण क्षुल्लक वाटते. परंतु प्रतिबिंब ठळक दिसेल की नाही, हे आतल्या आणि बाहेरच्या उजेडाच्या तुलनेवर ठरते. उदाहरणार्थ, बाहेरच्या झाडावर वीस हजार लक्स इतका दिवसाचा उजेड आहे आणि आतल्या खोलीत चारशे लक्स, असे धरावे. झाडाच्या उजेडाचा आठ टक्के भाग म्हणजे सोळाशे. खोलीतील चारशेपैकी काचेतून बाहेर पडणारा सुमारे पंचाऐंशी टक्के भाग म्हणजे तीनशे चाळीस. बाहेरून पाहणाऱ्याला झाडाचे प्रतिबिंब खोलीच्या जवळजवळ पाचपट तेजस्वी दिसते. म्हणजेच संपूर्ण पारदर्शक काचसुद्धा दिवसा बाहेरून आरसाच असते. प्रकाश तिरपा पडत असेल तर परावर्तन आणखी वाढते; आणि उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ लेप दिलेली जी काच उष्ण प्रदेशांत आवर्जून बसविली जाते, तिच्यात तर आकाश आणि वृक्षराजी हुबेहूब उतरतात. उन्हाचा बंदोबस्त करताना पक्ष्यांचा सापळा तयार होतो, तो असा.

आघाताचे गणितही पाहण्यासारखे आहे. वीस ग्रॅम वजनाचा पक्षी सेकंदाला दहा मीटर वेगाने उडत असेल तर त्याची गतिज ऊर्जा एक जूल इतकीच भरते. परंतु तो सुमारे एक सेंटिमीटर अंतरात थांबतो, म्हणून त्याला सोसावे लागणारे अवत्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाचशे पट होते. मान मोडल्याने पक्षी मरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. क्लेम यांनी केलेल्या शवचिकित्सांत मात्र मेंदूतील रक्तस्राव आणि सूज हेच मुख्य कारण आढळले. आदळलेला पक्षी काही वेळाने उडून गेला म्हणजे तो वाचला, असे यामुळे म्हणता येत नाही. ईशान्य अमेरिकेतील शुश्रूषाकेंद्रांत दाखल झालेल्या सुमारे तीन हजार पक्ष्यांच्या नोंदी तपासून २०२४ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात शुश्रूषा मिळूनही सुमारे साठ टक्के पक्षी वाचू शकले नाहीत असे दिसले.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या साध्या नियमातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो. पक्ष्यांसाठी दाणा-पाण्याची सोय खिडकीपासून दूर करावी असे वाटणे स्वाभाविक आहे. क्लेम यांच्या प्रयोगांत मात्र उलट दिसले : दाण्याचे पात्र काचेपासून एक मीटरच्या आत असता मृत्यू घडले नाहीत, ते पाच ते दहा मीटरवर नेताच घडू लागले. जवळून दचकून उडालेल्या पक्ष्याला घातक वेग गाठण्यास अवकाशच मिळत नाही. पात्र ठेवावयाचे तर ते काचेला अगदी लगटून, अथवा पुष्कळच दूर ठेवावे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. विणीच्या हंगामात शिंजिर, चिरक, दयाळ, बुलबुल यांच्यासारखे पक्षी खिडकीच्या काचेवर किंवा मोटारीच्या आरशावर तासन्‌तास चोची मारताना दिसतात. तो अपघात नसून भांडण आहे. आपल्या हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी समजून पक्षी स्वतःच्याच प्रतिबिंबाशी झुंजतो. त्याने तो थकतो, क्वचित जखमी होतो, परंतु सहसा मरत नाही. काही आठवड्यांत संप्रेरकांचा जोर ओसरला की प्रकार आपोआप थांबतो. पूर्ण वेगाने होणाऱ्या आघाताशी त्याची गल्लत केली तर नोंदी निरुपयोगी ठरतात.

आघातांचा सर्वांत दीर्घ आणि फलदायी अभ्यास ज्या इमारतीत झाला, ती शिकागो येथे मिशिगन सरोवराच्या काठी आहे. मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शनसंकुलातील लेकसाइड सेंटर ही ती वास्तू. १९६७ साली जुनी वास्तू आगीत भस्मसात झाल्यावर तिच्या जागी १९७१ साली ही उभी राहिली : फारशी उंच नाही, परंतु चोहोबाजूंनी विस्तीर्ण काच. उत्तरेकडील अरण्यांतून दक्षिणेस जाणारे आणि वसंतात परतणारे लक्षावधी पक्षी सरोवराच्या काठाकाठाने रात्री प्रवास करतात, आणि ही इमारत नेमकी त्यांच्या वाटेवर आहे. फील्ड म्यूझियममधील पक्षिसंग्रहाचे व्यवस्थापक डेव्हिड विलार्ड यांच्या कानी १९७८ साली आले की तेथे पक्षी आदळतात. ते पाहावयास गेले, दोन-चार मृत पक्षी मिळाले. आणि तेव्हापासून स्थलांतराच्या प्रत्येक हंगामात पहाटे त्या इमारतीभोवती फेरी घालण्याचा क्रम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ चालविला. या एका इमारतीखाली मिळालेल्या पक्ष्यांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली. प्रत्येक पक्ष्याची जाती, तारीख आणि मापे लिहून ठेवलेली आहेत.

फेरी, पिशवी आणि मोजपट्टी एवढ्या साधनांनी काय साधता येते, याचे हे उदाहरण कोणत्याही विभागाने लक्षात ठेवावे असे आहे. शिकागोत अशा रीतीने जमलेल्या बावन्न जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांची मापे तपासून ब्रायन वीक्स आणि इतरांनी २०१९ साली दाखवून दिले की १९७८ ते २०१६ या काळात पक्ष्यांच्या पायाच्या नळीची लांबी सरासरी २.४ टक्क्यांनी घटली आहे आणि पंखांची १.३ टक्क्यांनी वाढली आहे. उन्हाळे तापत चालले तसे शरीर लहान होत गेले, हा संबंध त्यांनी जोडला. पक्षी का मरतात हे पाहण्यासाठी सुरू झालेल्या नोंदींतून पक्षी कसे बदलतात याचे उत्तर निघाले. आरंभी ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्याच नोंदींनी दुसराही एक प्रश्न सोडविला. त्या इमारतीच्या सर्व खिडक्या रोज सारख्या उजळलेल्या नसत. प्रदर्शन असेल त्या भागात दिवे, बाकीचा भाग अंधारात. कोणत्या खिडकीत दिवा होता आणि कोणत्या खिडकीखाली पक्षी पडले, हे विलार्ड यांनी सन २००० पासून लिहून ठेवले होते. बेंजामिन व्हॅन डोरेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली या एकवीस वर्षांच्या नोंदी हवामान आणि रडारवर दिसणाऱ्या स्थलांतराच्या प्रमाणाशी ताडून पाहिल्या. प्रकाशित खिडक्यांचे क्षेत्र पूर्वी कधीतरी जितके कमी होते तितकेच नेहमी ठेवले असते, तर सुमारे साठ टक्के मृत्यू टळले असते असे त्यातून निघाले. रात्री प्रवास करणारा पक्षी उजेडाकडे ओढला जातो आणि वस्तीत उतरतो. सकाळ होताच काचेतील झाडे त्याला दिसू लागतात. सापळ्याकडे आणण्याचे काम दिवे करतात. सापळा मात्र काचच असते.

४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री हे दोन्ही एकत्र आले. प्रतिकूल वाऱ्यांमुळे कित्येक दिवस खोळंबलेले पक्षी वारा फिरताच एकदम निघाले, आणि पहाटेच्या पावसाने त्यांना खाली येणे भाग पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एका इमारतीखाली ९६४ मृत पक्षी गोळा करण्यात आले. त्यांत बहुसंख्य लहानखुरे वॉर्ब्लर होते. चाळीस वर्षांत असा दिवस उगवला नव्हता. त्याचा गवगवा झाला; व्यवस्थापनावर टीका झाली; आणि पुढच्या उन्हाळ्यात, २०२४ साली, सुमारे बारा लक्ष डॉलर खर्चून संपूर्ण काचेवर बाहेरच्या बाजूने बारीक ठिपक्यांचा पडदा चिकटविण्यात आला. त्या शरदात मृत्यू सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी घटले. इमारत तीच, सरोवर तेच, पक्ष्यांची वाट तीच. काच तेवढी दिसू लागली.

ठिपक्यांनी जे साधले, ते ससाण्याच्या आकृतीने का साधत नाही? काळ्या कागदाची ससाण्याची आकृती तावदानाच्या मध्यभागी चिकटविण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ रूढ होती व अद्यापि आढळते. ससाणा पाहून लहान पक्षी भितील, ही तिच्यामागील कल्पना. परंतु न हलणारी आकृती पक्ष्याला शत्रू म्हणून जाणवत नाही. तो तिला केवळ एक अडथळा समजतो, तिला वळसा घालतो आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो. चुन्याच्या फुलीचेही तेच : फुलीच्या चार बाजूंस चार मोठी दारे उघडीच राहतात. चिन्ह कोणत्या आकाराचे आहे याला महत्त्व नाही. दोन चिन्हांमधील मोकळी जागा किती, याला आहे. दाट रानात फांद्यांच्या अरुंद फटींतून पंख मिटून पार होण्यात लहान पक्षी तरबेज असतो. जी फट त्याला पुरेशी वाटेल तीतून तो जाण्याचा प्रयत्न करणारच. प्रयोगांवरून असे ठरले आहे की उभ्या रेषांमधील अंतर दहा सेंटिमीटरहून आणि आडव्या रेषांमधील पाच सेंटिमीटरहून अधिक नसावे; अगदी लहान पक्ष्यांचा विचार करून आता सर्वत्र पाच सेंटिमीटरच ठेवावे असा आग्रह धरला जातो. रेषा किमान तीन मिलिमीटर आणि ठिपका किमान सहा मिलिमीटर रुंद असावा लागतो. इतक्या बारीक खुणांनी काचेचा फारच थोडा भाग झाकला जातो, आणि आत बसलेल्या माणसाला काही दिवसांत त्यांचे भान उरत नाही.

या खुणा बाहेरच्या पृष्ठावरच असाव्या लागतात. वर केलेल्या गणितावरून कारण उघड आहे : आतल्या बाजूची खूण खोलीइतकीच अंधुक असते आणि तिच्यावर प्रतिबिंबाचा पडदा पसरतो. आतून लावलेले पडदेही याच कारणाने दिवसा फारसे उपयोगी पडत नाहीत. रात्री दिव्यांचा उजेड अडविणे एवढेच काम ते करतात.

अशा निष्कर्षांची परीक्षा कशी घेतात, हे जिज्ञासूंना रोचक वाटेल. ऑस्ट्रियात मार्टिन रॉसलर यांनी आणि पुढे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पक्षिकेंद्रात, जाळ्यात धरलेले पक्षी अंधाऱ्या बोगद्याच्या एका टोकाशी सोडून पाहण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. दुसऱ्या टोकास शेजारी शेजारी दोन काचा असतात, एक साधी आणि एक खुणांची. पक्षी उजेडाकडे झेपावतो आणि कोणत्या काचेकडे वळतो हे टिपले जाते. काचेच्या अलीकडे बारीक जाळे ताणलेले असल्याने त्याला इजा होत नाही. दोन्ही काचा त्याला सारख्याच मोकळ्या वाटल्या तर कौल निम्मा-निम्मा पडेल. खुणांच्या काचेकडे दहांपैकी एकाहून कमी पक्षी गेले तर ती काच उत्तम ठरते. या पद्धतीची मर्यादा अशी की तिच्यात मुख्यतः पारदर्शकतेची कसोटी लागते. परावर्तनाची परीक्षा घेण्यास वेगळी मांडणी करावी लागते.

माणसाला न दिसणाऱ्या परंतु पक्ष्याला दिसणाऱ्या खुणा करता येतील काय, ही कल्पना साहजिकच पुढे आली. माणसाच्या डोळ्यांत रंगग्राही शंकुपेशी तीन प्रकारच्या, पक्ष्याच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. चौथा प्रकार जंबुपार किंवा जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील असतो. त्या प्रकाशाचे परावर्तन करणारे पट्टे काचेवर दिले म्हणजे काम झाले, असे वाटेल. पण अडचणी दोन. कित्येक गायक पक्षी आणि पोपट यांच्यात या पेशींची कमाल संवेदनशीलता ३६० ते ३८० नॅनोमीटरच्या आसपास असते. कबुतरे, कावळे आणि शिकारी पक्षी यांच्यात ती ४०० च्या पुढे सरकलेली असते. त्यांना हे पट्टे फिकेच दिसतात. दुसरे असे की पहाटे, जेव्हा आघात अधिक होतात, तेव्हा या प्रकाशाचे प्रमाणच कमी असते. अशा काचा उपयोगी नाहीत असे नव्हे. परंतु साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या ठिपक्यांइतका भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही.

कायद्यानेही या विषयाची दखल घेतली आहे. न्यूयॉर्क शहराने २०१९ च्या अखेरीस संमत केलेल्या आणि २०२१ पासून लागू असलेल्या नियमानुसार नव्या इमारतींच्या बाह्य भागात जमिनीपासून ७५ फुटांपर्यंत पक्ष्यांना दिसेल अशीच सामग्री वापरावी लागते. त्याच शहरातील जॅव्हिट्स सेंटर या प्रदर्शनगृहाची जुनी आरसेदार काच काढून तेथे भट्टीत भाजलेल्या रंगाच्या ठिपक्यांची काच बसविण्यात आली, तेव्हा मृत्यू सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी झाले होते.

महाराष्ट्रातील जुन्या घरबांधणीला या प्रश्नाचा उपद्रव फारसा नव्हता. वाड्याच्या खिडकीला लोखंडी गज आणि लाकडी झडपा. काच असलीच तर वरच्या झरोक्यात रंगीत तुकड्यांची. गजांमधील अंतर साधारण दहा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असे, ते मुले व मांजरे यांच्या हिशेबाने ठरलेले; परंतु प्रयोगशाळांनी पक्ष्यांसाठी काढलेला नियमही तोच आहे. आजही काचेच्या बाहेरून गज, जाळी किंवा चिक असेल तर ती खिडकी बहुधा सुरक्षित समजावी. गज आत आणि सरकती काच बाहेर, ही जी अलीकडची मांडणी आहे तिच्यात मात्र हा लाभ हातचा जातो. पूर्वी बांधलेल्या इमारतींसाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तावदानाबाहेर वरून खाली सोडलेल्या दोऱ्या : तीन मिलिमीटर जाडीची काळपट दोरी दर दहा सेंटिमीटरवर टांगली की पुरे. दोरी वाऱ्याने हलते याने बिघडत नाही. काचेपासून काही सेंटिमीटर पुढे ताणून बांधलेली बारीक जाळीही चालते. पक्षी आदळलाच तर तो उसळून परत फिरतो.

येथील पक्ष्यांपैकी कोणाला धोका अधिक, याचा अंदाज त्यांच्या उडण्याच्या तऱ्हेवरून बांधता येतो. सिंगापूरमध्ये काचेचे बळी म्हणून ज्यांची वारंवार नोंद झाली आहे त्यांत नवरंगाच्या कुळातील पक्षी, पाचू कवडा आणि हरियलाच्या जातीची हिरवी कबुतरे आहेत. पाचू कवडा सह्याद्रीच्या झाडीतून जमिनीलगत बाणासारखा सरळ उडतो. तांबट आणि हरियल वड-उंबराच्या फळांवरून एकदम भरारी घेतात. फळझाड आणि काच समोरासमोर असली की अपघाताची सर्व सामग्री जमते. नवरंग आणि तिबोटी खंड्या हे दोघे पावसाच्या तोंडाशी सह्याद्रीत आणि कोकणात विणीसाठी येतात, आणि तेही रात्री प्रवास करून. थकलेला नवरंग मे-जूनमध्ये अंगणात किंवा घरात सापडल्याच्या घटना पक्षिनिरीक्षकांना परिचित आहेत. ढगाळ, धुकट रात्री उजेड पक्ष्यांना कसा भ्रमित करतो याचा भारतातील प्रसिद्ध दाखला आसामातील जातिंगा येथील. तेथे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या अंधाऱ्या रात्री पक्षी दिव्यांकडे खाली उतरतात. वृत्तपत्रांनी त्याला पक्ष्यांची आत्महत्या असे नाव दिले, ते सर्वस्वी दिशाभूल करणारे आहे. जातिंगात काच नाही. केवळ उजेडाने दिशाभूल होते. आषाढातील मुसळधार रात्री कोकणातील किंवा पुण्यातील एखादी इमारत सर्व मजल्यांवर दिवे पेटते ठेवून उभी असेल, तर उजेड आणि काच ही दोन्ही संकटे एकत्र येतात. त्या महिन्यांत रात्री दहानंतर रिकाम्या दालनांतील दिवे मालविणे हा बिनखर्ची उपाय होय.

एखाद्या विभागाने आपल्याच इमारतीपासून मोजणीस प्रारंभ करावयाचा असेल तर पद्धत सोपी आहे, परंतु तिच्यात चुकीला वाव पुष्कळ आहे. फेरी रोज ठरल्या वेळी, ठरल्या मार्गाने झाली पाहिजे. ज्या दिवशी काहीच सापडले नाही तो दिवसही लिहिला पाहिजे, अन्यथा दर काढता येत नाही. पक्ष्याची जाती, तारीख, वेळ, भिंतीची दिशा, काचेचा प्रकार, समोरच्या झाडांचे अंतर आणि आदल्या रात्री त्या दालनात दिवा होता की नाही, इतके टिपावे. काचेवरील पिसांचा ठसा हाही पुरावा समजावा. उपायांची परीक्षा घ्यावयाची असेल तर एकाच दर्शनी भागातील निम्म्या तावदानांवर खुणा करून निम्मी तशीच ठेवावी, आणि शक्य तर दुसऱ्या वर्षी अदलाबदल करावी. दोन वेगवेगळ्या इमारतींची तुलना झाडांच्या आणि दिशेच्या फरकाने निष्फळ ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या तरतुदींमुळे मृत पक्षी संग्रहात ठेवण्यापूर्वी वनविभागाची अनुज्ञा घ्यावी लागते. छायाचित्र आणि नोंद यांना ती लागत नाही. जिवंत परंतु गुंगीत असलेला पक्षी मिळाला तर त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवावे. पाणी अथवा अन्न चोचीत घालू नये. तास-दोन तासांनी खोक्यात हालचाल ऐकू आली की काचांपासून दूर नेऊन सोडावे, आणि न आली तर पशुवैद्याकडे न्यावे.

मोजणीतील सर्वांत मोठी त्रुटी मृत पक्षी नाहीसे होण्याची असते. मांजरे, कावळे, मुंगूस आणि कुत्री हे फेरीच्या आधीच येऊन जातात. म्हणून काही ठिकाणी ओळखीची खूण केलेली मृत पाखरे मुद्दाम ठेवून ती किती तास टिकतात हे पाहतात, आणि त्या प्रमाणात आकडा वाढवून घेतात. याहून सोपी आणि अधिक महत्त्वाची खबरदारी अशी की फेरीची वेळ सफाई कर्मचाऱ्यांच्या आधीची ठेवावी, किंवा त्यांनाच नोंदवहीत सहभागी करून घ्यावे. इमारतीच्या कोणत्या कोपऱ्यात पाखरे पडतात, हे त्यांना प्राध्यापकांच्या आधीपासून ठाऊक असते.